मिल्कीच्या पिशव्यांवर केसिंग कशाचं करायचं? माती, शेणखत की कोकोपीट

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. त्यांनी मागच्या खोलीत मिल्कीच्या, म्हणजे पांढऱ्या दुधी मशरूमच्या, १० पिशव्या लावल्यात, गव्हाच्या काडावर, आणि सगळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्यात. मागच्या बॅचला केसिंग म्हणून, म्हणजे पिशवीत काडावर पसरायचा थर म्हणून, शेतातली माती आणि गांडूळखत निम्मं निम्मं घातलं होतं, आठव्या दिवशी भेगा पडल्या, मग हिरवी बुरशी आली, आणि सगळ्या पिशव्या मिळून पाव किलो माल पण निघाला नाही. आता कोणी सांगतं नुसती माती घाला, कोणी म्हणतं जुनं शेणखत, कोणी कोकोपीट. नक्की काय घालू आणि किती लागेल?

ताई, मी गेली १५ वर्षं उन्हाळ्यात मिल्की आणि थंडीत बटण मशरूम करतोय, साताऱ्याकडे, आणि केसिंगमध्ये जेवढ्या चुका होऊ शकतात त्यातल्या बहुतेक करून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर उत्तर एवढंच की यावेळी ३ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत किंवा जुनं गांडूळखत, आणि १० लिटर मिश्रणाला वाटीभर कॅल्शियम कार्बोनेट. पण नुसतं प्रमाण घेऊन जाऊ नका कारण तुमच्या हातात येणारं कोकोपीट आणि माझ्या हातातलं एक नसतं, शेणखताचं तर विचारूच नका.

पहिली गोष्ट डोक्यातून काढायची ती म्हणजे केसिंग हे खत आहे. आपण शेतीवाली माणसं, वर काहीतरी घालायचं म्हटलं की हात खताकडेच जातो, आणि वाटतं जास्त कस असलेलं घातलं तर मशरूम पण जास्त येतील. इथे उलटं असतं. मशरूमचं जेवण खाली काडात आहे, वरच्या थरात त्याला जेवण नकोय. मायसेलियम, म्हणजे मशरूमचे पांढरे धागे, खालून खात खात वर येतं, वर आल्यावर त्याला खायला काही मिळत नाही, पाणी मात्र भरपूर असतं आणि मोकळी हवा लागते, तेव्हा कुठे ते पसरायचं सोडून पिनहेड, म्हणजे मशरूमचे बारीक कोंब, धरायला लागतं. वर सुद्धा जेवण दिलं तर ते नुसतं पसरत राहतं, आणि तुमच्या मायसेलियमच्या आधी ते जेवण हिरव्या बुरशीला सापडतं. मागच्या वेळी निम्मं गांडूळखत होतं ना, तुमची हिरवी बुरशी बहुतेक तिथूनच आली.

मग केसिंगचं काम काय, तर मुख्य म्हणजे पाणी धरणं. मशरूम म्हणजे ९० टक्के पाणीच, अर्धा किलो मिल्की तोडली तर त्यात साधारण ४५० मिली पाणी गेलं, आणि हे पाणी आठवड्याभरात कुठून तरी यायला हवं. काही काडातून येतं, पण काडावर आपण पाणी ओतू शकत नाही, ते कुजतं. म्हणून वरचा थर हीच टाकी, रोज थोडी थोडी भरायची. पण टाकी भरताना त्यातली हवा जाऊन चालत नाही, नाहीतर खाली मायसेलियम गुदमरतं. पाणी पण हवं आणि हवा पण हवी, केसिंग निवडायचं म्हणजे हा मेळ बसवायचा, बाकी सगळं त्याच्या नंतर.

अजून एक गोष्ट आहे जी डोळ्याला दिसत नाही, ती म्हणजे केसिंगमधले बॅक्टेरिया. बटणवर याचा खूप अभ्यास झालाय. वाढताना मायसेलियम काही वायूरूप पदार्थ सोडतं, मशरूमचा जो खास वास येतो ना त्यातलाच एक त्यात आहे, आणि हे पदार्थ साचले की पिनहेड धरत नाहीत. केसिंगमधले सुडोमोनास पुटिडा सारखे बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात. निर्जंतुक केलेल्या केसिंगमध्ये पिन येत नाहीत पण त्यातच ॲक्टिव्हेटेड चारकोल घातला, जो हे पदार्थ शोषून घेतो, तर पिन येतात असं प्रयोगात दिसलंय. हे सांगायचं कारण म्हणजे केसिंग कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून पार मारून टाकू नका, त्यावर पुढे येतोच.

आता मातीचं. मिल्कीला मातीचं केसिंग चालतं हे खरं आहे, आणि हा सल्ला कुठून आला ते पण सांगतो. मिल्की आपल्याच देशातली, १९७४ साली पश्चिम बंगालमधून तिची शास्त्रीय नोंद झाली, आणि तिची शेती बसवली ती मुख्यतः तमिळनाडू कृषी विद्यापीठाने, १९९८ मध्ये त्यांचं एपीके-२ वाण आलं. तिकडच्या पद्धतीत बागेतली माती, कॅल्शियम कार्बोनेट घालून पीएच ८ च्या आसपास आणलेली आणि वाफवलेली, अशीच वापरतात, आणि चांगली चालते. पण ती माती चिकणपोयटा. आपल्याकडे नाशिक, नगर, सोलापूर, मराठवाडा, बेसाल्टच्या खडकापासून झालेली काळी माती, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ती हीच माती, पिशवीवर घातली म्हणून तिचा स्वभाव बदलणार नाही.

आणि भेगेपेक्षा मोठं नुकसान कडेला होतं. माती आकसली की प्लॅस्टिकपासून सुटते, चहूबाजूंनी पेन्सिलीएवढी फट पडते, मग तुम्ही वर मारलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली काडावर, आणि मिल्कीला पिन धरायला तीच फट आवडते कारण तिथे ओल पण आहे आणि हवा पण. मग मशरूम पिशवीच्या आत कडेला वाकडेतिकडे, चेपलेले येतात आणि तिथेच सडतात. तुमच्या मागच्या पिशव्या अजून असतील तर प्लॅस्टिक बाजूला करून बघा, कडेला पिवळट वाळलेल्या पिनांची ओळ दिसेल बहुतेक.

लाल मातीचं तेवढं नाही. कोकणात किंवा घाटाच्या वर जिथे लाल भुरभुरीत माती मिळते तिथे ती जुन्या शेणखताबरोबर निम्मी निम्मी चालते, फक्त जांभ्याची माती आंबट असते म्हणून कार्बोनेट जास्त लागतं. पण भाजीच्या मळ्यातली माती कुठलीच नको, तिच्यात सूत्रकृमी असतात आणि फवारलेलं काय काय असतं त्याचा हिशोब कोणाकडे नसतो.

शेणखत उत्तम असतं पण जुनं, म्हणजे खरंच जुनं, २ वर्षांचं. बटणवाले शेणखत अधिक कोकोपीट निम्मं निम्मं वापरतात, मी पण बटणला तेच वापरतो. अडचण एवढीच की विकणारा प्रत्येकजण म्हणतो कुजलेलं आहे. घरी कळायची सोपी पद्धत: ओलं करून जाड पिशवीत घट्ट बांधा, सावलीत ३ दिवस ठेवा, मग हात घाला. आत कोमट लागलं किंवा उघडल्या उघडल्या नाकाला झोंबलं तर ते अजून कुजतंय, परत ढिगात टाका. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला आणि हातात घेतल्यावर शेणाचा धागादोरा, काडी, भुसा काही ओळखू आलं नाही तर चालेल. गांडूळखताला पण हीच परीक्षा, आणि चाळणी हवीच, नाहीतर त्यातून कोळी आणि बारीक उड्या मारणारे किडे येतात.

मग राहिलं कोकोपीट. युरोपात केसिंगला पीट वापरतात, दलदलीत हजारो वर्षांत साठलेलं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि परवडणार पण नाही. कोकोपीट दिसायला तसंच, आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं आणि तरी मोकळं राहतं, आकसत नाही, त्यात खायला जेवण जवळपास नाही, म्हणून हिरव्या बुरशीला पण फार आवडत नाही. एकच दोष, मीठ. नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात आणि सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवून काथ्या काढतात तिथलं तर जास्तच. एका वर्षी मी घाईत एका दुकानातून कोकोपीटच्या दाबलेल्या विटा आणल्या आणि न धुता ४० पिशव्यांवर घातल्या. मायसेलियम बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत वर आलं आणि थांबलं. ना पुढे ना मागे, राखाडी होऊन बसलं, ३ आठवडे रोज टॉर्च घेऊन बघायचो एक पिन नाही. शेवटी नर्सरीवाल्या मित्राचा ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) आणून भिजवलेलं पाणी मोजलं तर आकडा ३ च्या वर. तेव्हापासून विटेवर लो ईसी लिहिलेलं असो वा नसो, मी ३ वेळा धुतोच. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, दुसरं त्याहून फिकं, तिसरं उन्हात धरलं की आरपार दिसायला लागतं, मग पिळून घ्यायचं. बोअरचं पाणी खारट असेल तर त्या पाण्याने धुण्यात अर्थ नाही, पिण्याचं पाणी घ्या.

आता कार्बोनेट, कारण इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. केसिंगचा पीएच ७.५ ते ८ हवा. मायसेलियम वाढताना स्वतः ऑक्झॅलिक ॲसिड सोडतं त्यामुळे थर हळूहळू आंबट होत जातो, आणि हिरव्या बुरशीला आंबटच आवडतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चॉक पावडर, पोतं कृषी केंद्रात किंवा रंगाच्या दुकानात मिळतं. हिचं चांगलं म्हणजे थोडी जास्त पडली तरी पीएच ८ च्या फार पुढे जात नाही, आणि आम्ल तयार होईल तसतशी ती लागत राहते. विरलेला चुना, म्हणजे पाणी घालून फोडलेला कळीचा चुना, तसा नाही, तो एकदम १२ पर्यंत नेतो आणि जिथे गोळा राहील तिथलं मायसेलियम जळतं, तो केसिंगमध्ये नको. जिप्सम पण नको, म्हणजे त्याने मोकळेपणा येतो पण पीएच वाढत नाही. आणि शाळेतला खडू कुटून घालणारे पण भेटलेत मला, ताई, आपल्याकडचे फळ्यावरचे खडू बहुतेक प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे असतात, म्हणजे जिप्समच झालं. ओळखायला चिमूटभर पावडरीवर लिंबू पिळा. चांगलं फसफसलं तर कार्बोनेट, नाही फसफसलं तर परत द्या. १० लिटर मिश्रणाला १५० ते २०० ग्रॅम घाला आणि पीएच पट्टीने एकदा बघून घ्या.

किती लागेल ते सांगतो. तुमच्या पिशव्या १२ इंच रुंद असतील असं धरतो. ती भरून गोल झाली की तोंडाचा व्यास साधारण साडेसात इंच, त्यावर अडीच सेंटीमीटरचा थर म्हणजे पिशवीमागे पाऊण लिटर केसिंग, १० पिशव्यांना साडेसात लिटर. ६५० ग्रॅमची एक वीट भिजून ८-९ लिटर होते, म्हणजे एका विटेत काम होऊन वर थोडं उरतं, आणि ते उरायलाच हवं, का ते पुढे सांगतो. पिशवी मधोमध कापून दोन करणार असाल तर दुप्पट धरा. मी नवीन माणसाला कापायला सांगत नाही, तोंड उघडायचं, प्लॅस्टिक बाहेर दुमडून काडाच्या वर चार बोटं कडा ठेवायची, बस.

वाफवणं असं करा. कोकोपीट, खत, पावडर सगळं एकत्र मिसळा, जुन्या सुती कापडाच्या पिशवीत सैल भरा, मोदकाच्या मोठ्या पातेल्यात किंवा डब्यात खाली पाणी वर जाळी अशी ठेवा आणि मंद वाफ द्या. मधोमध थर्मामीटर खुपसून ६५-७० अंश दिसल्यावर तिथून २ तास, गॅस कमीजास्त करत. एवढ्यात सूत्रकृमी, माश्यांची अंडी, बहुतेक वाईट बुरशी मरते पण कामाचे काही बॅक्टेरिया टिकतात. प्रेशर कुकरमध्ये सगळंच मरतं आणि मग ते रिकामं रान होतं, हवेतून पहिलं जे बीज येऊन पडेल त्याचं, आणि घरातल्या हवेत ते बहुतेक हिरव्या बुरशीचंच असतं. फॉर्मेलिनचा सल्ला पण ऐकाल, मोठ्या युनिटवाले वापरायचे, पण घरात मुलंबाळं असताना ते आणूच नका, त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे आणि वाफेने तेच काम होतं. गार व्हायला कापडाच्या पिशवीतच ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

ओल किती हवी हे शब्दात सांगायला अवघड, पण तुम्ही स्वयंपाक करता म्हणून सांगतो, खिचडीसाठी साबुदाणा नीट भिजला की कसा दिसतो तसं. प्रत्येक दाणा फुगलेला पण मोकळा. मूठ भरून घट्ट दाबा, बोटांच्या फटीतून २-४ थेंब यायला हवेत, धार नको. मूठ उघडा, गोळा राहायला हवा, आणि अंगठ्याने ढोसला की भुसकन मोडायला हवा. कणकेसारखा चिकटून राहिला तर माती किंवा खत जास्त झालंय, अजून कोकोपीट घाला. मिश्रणाबद्दल शंका असेल तर वाफवायच्या आधीच एका काचेच्या ग्लासात ३ सेंटीमीटर भरा, वरून चार चमचे पाणी सोडा आणि बघा. पाणी वर तळं करून बसलं तर नापास. लगेच मुरलं आणि खाली तळाला साचलं पण नाही, तर पास. तोच ग्लास २ दिवस खिडकीत ठेवा, काचेपासून सुटला तर पिशवीपासून पण सुटणार. हा ग्लास मी आजही प्रत्येक नवीन लॉटला लावतो.

घालताना हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून घाला. जाडी सगळीकडे सारखी हवी, तर्जनीचं वरचं पेर म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर, ते बोट खुपसून ठिकठिकाणी मापा. मिल्कीला २ ते ३ सेंटीमीटर पुरे, बटणला ३ ते ४. काडाचा पृष्ठभाग उंचसखल असेल तर आधी हाताने सपाट करा, नाहीतर उंचवट्यावर मायसेलियम चौथ्या दिवशी वर येतं आणि खोलगटात बाराव्या, मग माल एकदम न येता तुकड्यातुकड्यात येतो. आणि दाबू नका, थापटू पण नका, चाळणीतून पिठी भुरभुरवतो तसं सोडायचं. एवढी मेहनत करून केलेला मोकळेपणा एका थापेत जातो.

त्यानंतरचे ८-१० दिवस खोली ३० ते ३५ अंश आणि ओल ८० टक्क्यांच्या वर ठेवा, नाशिकला एप्रिलमध्ये ऊब आहेच, ओलीसाठी भिंतींना ओली गोणपाटं लावा. पाणी रोज दोनदा, बारीक तुषाराच्या स्प्रेने, नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवून क्लोरीन गेलेलं. एका वेळी थोडंच, पृष्ठभागाचा रंग गडद होईल एवढं, चमकायला लागलं की थांबा. पहिल्या ३-४ दिवसांत कुठे एखाद्या ठिकाणी पांढरं लवकर वर आलं तर त्याच्यावर चिमूटभर उरलेलं केसिंग टाकून झाका, त्याच्यासाठीच ते ठेवायला सांगितलं होतं, ओलं फडकं घालून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये.

पांढऱ्या रेघा केसिंगमधून डोकवायला लागल्या की दारं थोडी उघडा, हवा खेळू द्या, आणि उजेड द्या, मिल्कीला उजेड लागतो, खिडकीचा उजेड किंवा साधी ट्यूब चालते पण थेट ऊन नको. इथे हवा दिली नाही तर मायसेलियम वर येऊन पापुद्र्यासारखं जमतं, त्यावर पाणी मारलं की मोत्यासारखं घरंगळतं, आत जात नाही. असं झालं तर स्वच्छ काट्याने वरचा अर्धा सेंटीमीटर हलका खरवडा, पाणी मारा, २-३ दिवस मागे जातं पण पिन येतात.

हिरवा ठिपका दिसला तर फुंकर नको, स्प्रे तर अजिबात नको, बीज उडून बाकीच्या नऊ पिशव्यांवर बसतं. ओला टिश्यू पेपर त्यावर अलगद ठेवा, चमच्याने आजूबाजूच्या केसिंगसकट उचला, खड्ड्यात चिमूटभर चॉक पावडर. खालचं काड पण हिरवं असेल तर पूर्ण पिशवी खोलीबाहेर, त्यात जीव अडकवू नका.

पिन वाटाण्याएवढ्या झाल्या की स्प्रे त्यांच्यावर थेट न मारता मधल्या केसिंगवर आणि भिंतींवर मारा, ओल्या टोप्यांवर पाणी साचून राहिलं की तपकिरी डाग पडतात. दांडे लांब आणि टोप्या बारीक येताना दिसल्या तर हवा कमी पडतेय, केसिंगमध्ये दोष शोधू नका. पिन दिसल्यापासून आठवड्याभरात तोडणी येईल, तोडताना पिळून काढा, बुडाला जे केसिंग उचलून येईल तिथला खड्डा उरलेल्या केसिंगने भरा, दुसरा बहर त्यावरच यायचाय.

आता तुम्ही उद्याच वीट आणणार असाल तर आधी तुकडाभर भिजवून ते पाणी जिभेला लावून बघा, ईसी मीटर नसेल तर, खारट लागलं तर दुसरी वीट घ्या. पिशव्या पांढऱ्या होऊन ५-६ दिवस गेले तरी त्यांचं काही बिघडत नाही, पण काडातून पिवळं पाणी सुटायला लागलं असेल तर आधी तेवढ्या पिशव्यांचं करा.